आवृत्ती ७.३

परिपत्रक गुरुवारीच येतं, दुपारी दोन चाळीसला,
मनामातल्या सगळ्या बँका
मनाने घरी पोचलेल्या असतात तेव्हा.
कलम चौदा, उपकलम ब. मुदतपूर्व फेडीचा आकार.
'राहील' काढा, 'राहू शकेल' घाला.
रविवारपासून लागू.

म्हणजे ७.२ मेली.
७.३ मी एकटीने आणायची, शनिवार मोडून.
गहाणखताचे सोळा नमुने, प्रत्येकाला दोन रकाने,
उजवीकडून निघालेली अरबी, डावीकडून निघालेली इंग्रजी,
मध्ये बोटभर कोरी पट्टी.
त्या पट्टीत बसून मी पंधरा वर्षं पगार घेतेय.
शेवटचं कलम: मतभेद झाल्यास अरबी मजकूर ग्राह्य.
ते मात्र कधी बदललं नाही.

माझे वडील खेडला, सबरजिस्ट्रारच्या कचेरीबाहेर
पत्र्याखाली बसून दस्त लिहायचे.
'कारणे गहाणखत लिहून देतो ऐसाजे'
इथवर आले की पेन झटकायचे,
मग चतुःसीमा:
पूर्वेस वहाळ, दक्षिणेस गोविलकरांची बखळ,
पश्चिमेस पायवाट, उत्तरेस फणस.
फणस केव्हाच पडला, दस्तात अजून उभा आहे.
शब्द चुकला तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी,
आणि शेजारी सही. खाडाखोड कोणाची ते कळायला हवं, म्हणायचे.

माझ्याकडे चौदाव्या मजल्यावरचे फ्लॅट येतात.
पूर्वेस हवा. दक्षिणेस हवा. पश्चिमेस लिफ्ट.
उत्तरेस समुद्र, असं ५.० मध्ये होतं.
६.१ मध्ये भराव.
आता प्लॉट क्रमांक,
आणि त्याचंही गहाणखत माझ्याच फोल्डरमध्ये.

शनिवारी उस्ताद रऊफ आले, बिनसाखरेचा चहा घेऊन.
ते अरबी वाचतात ती बोटाने, मोठ्याने, नमाजासारखी नव्हे,
भाजीवाल्याचा हिशेब तपासावा तशी.
कलम नऊवर बोट थांबलं.
"मादाम, तुमच्या बाजूला तीस दिवस.
माझ्या बाजूला तीस कामाचे दिवस."
हप्ता चुकल्यानंतरची मुदत.
मी मागे मागे गेले. ७.१, ७.०, ६.४.
चार वर्षांपूर्वीचा एक मंगळवार,
बदल करणाऱ्याच्या रकान्यात माझी आद्याक्षरं.
कुठल्या तरी दुसऱ्या नमुन्यातून ओळ उचलून चिकटवलेली.
त्यावर एकशे बारा जणांच्या सह्या.

त्यातला एक मुफीद अल-कल्लाफ, राहणार मुहर्रक.
कल्लाफ म्हणजे गलबतं बांधणारा; हा एसी दुरुस्त करतो.
हप्ता चुकून आज तेहतिसावा दिवस.
लिलावाची फाइल सोमवारी पुढे सरकणार होती.
शुक्रवार वजा, शनिवार वजा, ईदची सुट्टी वजा:
मी कागदावर मोजले, उस्तादांनी बोटांवर.
विसावाच दिवस.

विधी विभागाला दोन ओळींचं पत्र लिहिलं.
चूक माझी. अरबी मजकूर ग्राह्य.
पाठवायच्या आधी उठून खिडकीशी गेले,
काही दिसलं नाही, नवी इमारत उभी राहतेय तिथे.
परत आले, पाठवलं.

सोमवारी मला मेमो मिळाला, त्याला दहा दिवस.
फोनवर त्याने आभार मानले नाहीत,
एवढंच विचारलं, गुरुवार धरायचा का?
धरायचा, मी म्हटलं.

७.३ मात्र शनिवारी रात्रीच पूर्ण झाली.
त्यात दोन्ही रकाने सारखे करावे लागले,
आणि धोरणात तीस म्हणजे तीस.
कर्सर नेऊन ठेवला, एक शब्द निवडला,
तो गेला, खालचं वाचता येईल असं काही न उरता.
बदलांच्या नोंदीत लिहिलं:
कलम नऊ. 'कामाचे' वगळले. कारण: चूक.
शेजारी सही करायला जागा शोधली.
पडद्यावर तशी जागा नसते.