घडीच्या वर

रोलंडचा नियम त्याच्या स्टीलच्या पट्टीसारखा सरळ होता:
इथं जन्मला, इथंच शिकला, तर पान एक, घडीच्या वर.
इथली नुसती सासुरवाड, तर पान एक, घडीच्या खाली.
आईबाप कामधंद्यासाठी इथं आलेले, तर आतलं पान,
जागा उरली तर फोटो.
कुठं लिहिलेलं नव्हतं हे.
ऑर्लिन काउंटी, नेब्रास्का. आठवड्याला दोन अंक.
बावीस वर्षं पानं लावता लावता
माझ्या बोटांतच तो उतरला,
भट्टीवाल्याच्या हातात मिठाचं प्रमाण उतरतं तसा.

पहिला मुलगा गेला तेव्हा
सगळ्यात मोठा टाइप काढला,
त्याआधी फक्त महापुराला काढलेला.
दुसऱ्याला चार कॉलम.
तिसरा गेला तो आठवडा जत्रेचा.
बक्षीस मिळालेलं डुक्कर आणि त्याच्या गळ्यात हात टाकून हसणारी पोरगी
पहिल्या पानावर आधीच बसलेली.
रोलंड खिडकीशी गेला. चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
"दोन कॉलम," म्हणाला, "आणि झेंडा जरा लहान कर."
लढाई काही लहान झाली नव्हती.

आणि जे परत आले,
मग कधीतरी मार्चमध्ये गॅरेजचं दार आतून लावून घेऊन गेले,
ते "राहत्या घरी निधन". पैसे भरून छापायची जाहिरात,
ओळीला दोन डॉलर.
पलटणीचं नाव घालायचं का, मी विचारायचे.
एक बाप म्हणाला, "त्यानं ओळ वाढेल का?"

नोव्हेंबरात एकाच रात्री दोन फोन.
कोल्बी रासमुसेन. त्याचं अख्खं आयुष्य आमच्या कपाटात:
नऊ वर्षांचा, वासराच्या दोरीला लोंबकळलेला;
सोळाचा, चिखलात माखून, चेंडू पोटाशी धरून;
बर्फात अडकलेली शाळेची बस ढकलताना.
निवडता निवडता अकरा वाजले.

एल्मेर इश्कोय. आमच्याकडे काहीच नाही.
आठ महिने इथल्या शाळेत होता, शेवटच्या बाकाचे आठ महिने.
लष्करानं पाठवलेला एकच फोटो,
ज्यात सगळीच मुलं एकमेकांसारखी दिसतात.
आई मांसाच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
पान पाच. टायरच्या सेलशेजारी.
आडनावाचं स्पेलिंग तपासायला मी फोन केला,
कुणी उचलला नाही. तसंच सोडलं.

गुरुवारी सकाळी ती आली.
रबरी बूट, केसांवर जाळी तशीच.
"अकरा," म्हणाली, आणि बोटांनीही दाखवलं.
काउंटरवर उभी राहूनच एक अंक उघडला.
पहिल्या पानावर कोल्बी हसत होता; त्याच्याकडे तिनं नीट पाहिलं,
शेजारणीच्या मुलाकडे पाहावं तसं.
मग पानं उलटत पाचव्यावर आली.
बोट ओळीखालून फिरलं, आडनावापाशी थांबलं,
पुढं गेलं.
मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तिनं अंकाची आमची घडी मोडली.
पान पाच बाहेर येईल अशी उलटी दुमडली,
मग आडवी, मुलगा वर राहील अशी,
टायर खाली.
तळहातानं दाबून दाबून घडी बसवली.
एकामागून एक, अकराही अंक तसेच.
मागे दोन माणसं रांगेत होती,
एकाला ट्रॅक्टरची जाहिरात द्यायची होती.
कुणी काही बोललं नाही.

पैसे नको म्हटलं तर तिनं मान हलवली.
रुमालाची गाठ सोडून नाणी ओतली, सव्वाआठ डॉलर,
सगळी पंचवीस सेंटची.
त्यात एक नाणं आमच्या देशाचं नव्हतं.
कडेला झिजलेलं, वर पक्षी.
ते मी गल्ल्यात टाकलं नाही.

संध्याकाळी हिशेब पंचवीस सेंटनी कमी भरला.
रोलंडनं पट्टी खाली ठेवली, विचारलं, कसं काय?
मी म्हटलं, मोजण्यात चूक झाली.