दगडफूल

उरवाई दरवाज्याच्या चढावर, डाव्या हाताच्या कातळात,
बरोब्बर माझ्या खांद्याच्या उंचीवर
एक राखी-हिरवा ठिपका आहे.
अकरा वर्षं मी त्याचं माप घेते.
पारदर्शक कागद टेकवायचा, बारीक पेनानं कड गिरवायची,
खाली तारीख.
अकरा वर्षांत तो वाढला माझ्या करंगळीच्या नखाएवढा.
तेवढ्यात मुलगी पहिलीतून बारावीला गेली.

"मॅडम, पत्थर की बीमारी है क्या?"
हरचरणच्या हातात ब्रश, बादलीत अमोनियाचं पाणी,
खिशात साहेबांचा कागद :
सोमवारच्या आत हा सगळा कातळ उजळ दिसला पाहिजे.
आजार नव्हे, मी म्हणते. बिऱ्हाड आहे.

मग सांगावं लागतं.
हे एक नाही, दोघं आहेत.
बुरशी भिंती घालते, छप्पर घालते, ओल धरून ठेवते.
आत शेवाळ बसून उन्हावर रांधतं.
नाव मात्र बुरशीचंच लागतं,
आमच्या शास्त्राचा नियम आहे तसा.
हरचरण हसतो. "तो अंदर वाली का नाम?"
तिचंही असतं, पण दुसऱ्या यादीत.
"हमारे यहाँ भी," तो म्हणतो,
आणि ब्रश बादलीत बुडवतो.

प्रयोगशाळेत चिमूटभर खरवड खलात घोटली
की दोघांची अक्षरं एकमेकांत कालवून येतात.
यंत्र विचारत नाही कोण कुणाचं.
मी निवडत बसते, तांदूळ निवडावेत तशी :
ही बुरशीची, ही शेवाळाची,
आणि दर वेळी काही उरतात, दोघांचीही नसलेली.
त्यांची वेगळी फाइल केलीय मार्चपासून.
नाव ठेवलंय "पाहुणे".
दर नमुन्यात तेच येतात. पाहुणे कसले.

आई दानाओलीतून छटाकभर दगडफूल आणते
गोड्या मसाल्यासाठी.
एकदा मी तिची पुडी भिंगाखाली धरली.
तीन जाती, आणि एकीला चिकटलेली सालीची कपची,
कुठल्यातरी पहाडातल्या बांजाची.
"आमच्याकडे ह्याशिवाय आमटी होत नाही," आई म्हणाली.
आमच्याकडे म्हणजे कुठे, ते ती सांगत नाही.
नर्मदेपलीकडे ती दोनदाच गेलीय,
दोन्ही वेळा लग्नाला.

शहराच्या नकाशावर टाचण्या लावल्यात मी.
किल्ल्यावर बावीस जाती. थाटीपूरला नऊ.
पडावाच्या पुलाशी एक, तीही कडेनं करपलेली.
हजिऱ्याला शून्य.
शून्यालाही टाचणी असते, पांढरी.

पलीकडच्या झिरपणीत हंसराजाची काळी देठं आहेत,
त्यांच्या पायाशी मॉसची गादी.
तो विषय तांबोळकरांचा. त्यांना पाणी लागतं :
मॉसमधला नर थेंबभर ओलीतून पोहत जातो मादीकडे,
म्हणून त्यांचं काम चार महिने, छत्री घेऊन.
माझं बारमाही.
जूनमध्ये सत्तेचाळीस अंशांत माझा ठिपका
वाळून नुसता पापुद्रा होतो.
मेलाय की थांबलाय, डोळ्यांना कळत नाही.
वाटीभर पाणी शिंपडलं की पाच मिनिटांत हिरवा.
हा प्रयोग मी गरजेपेक्षा जास्त वेळा केलाय.

मंगळवारी गेले.
कातळ पिवळाधमक, नुकतं जावळ काढल्यासारखा.
बावीस जातींचं अख्खं आळं बादलीतून उतारावर वाहून गेलेलं.
आणि खांद्याच्या उंचीवर, खडूच्या वेड्यावाकड्या गोलात,
माझा ठिपका.
खाली हरचरणच्या अक्षरात : मैडम का.

त्याला काय म्हणणार?
एकट्या राहिलेल्या ठिपक्याचं माप
आधीच्या अकरा मापांशेजारी ठेवता येत नाही.
शेजार गेला की वाढ बदलते. अमोनिया झिरपलेला असतो.
नोंदवहीत लिहिलं : परिसर नष्ट. तुलना ग्राह्य नाही.
मग थोडा वेळ तो गोल बघत राहिले.
आत दोघं, अधिक पाहुणे,
आणि नाव लागलंय तिसरीचंच.

कागद टेकवला, कड गिरवली.
तारीख घातली.
खडू पुसला नाही.