वाकड्याचा भाव

कोपनहेगनहून निरोप आला, तो मीच वाचून दाखवला
मआलम अब्देलिलाहला, भट्टीच्या बाजूला उभं राहून,
कारण मांडी घालून बसलेला हा माणूस
निरोपासाठी हातोडी खाली ठेवत नाही.

"नमुने सुंदर आहेत," मी वाचलं.
त्याने मान हलवली. टक्. टक्.
"पण जरा जास्तच सरळ."

हातोडी थांबली.

फेझमध्ये, ऐन नोकबीच्या धुरात,
चाळीस वर्षं या माणसाने कडा सरळ केल्या.
तांदळाएवढ्या फरकासाठी
बापाने बोटांवर पट्टी मारलेली.
चांदण्या, पाकळ्या, षट्कोन तो पालथे मांडतो,
रंग जमिनीकडे, मातीची पाठ वर,
न बघता; आणि उलटल्यावर भिंत
नमाजाच्या रांगेसारखी उभी राहते.

आता बाई लिहितात
(सिग्ने त्यांचं नाव, फ्लॅट चौथ्या मजल्यावर,
खिडकीत करडा समुद्र)
की त्यांना हवंय न्हाणीघर
थोडं जपानी, थोडं उत्तरेकडचं,
जपांडी म्हणतात म्हणे;
पांढरं, पण दुधाचं नव्हे, हाडाचं नव्हे,
खणात विसरलेल्या कागदाचं पांढरं.
आणि प्रत्येक फरशीत एखादा टवका, एखादी लाट.
"हाताने केलंय हे दिसू दे."

"मग आत्तापर्यंत काय पायाने करत होतो?"
मआलम म्हणाला.
हे मी कळवलं नाही.

वाकडं चालेल, असं नाही. वाकडंच हवं.
नाचता येईना म्हणून अंगणाला बोल लावणारे ठाऊक होते;
हे नाचणारे तर आगाऊ पैसे भरून
वाकडं अंगण मागवतात.

त्याने प्रयत्न केला. दोन दिवस.
तिसऱ्या फरशीचा कोपरा उडवला, पाचवीला लाट,
पुन्हा तिसरीचा कोपरा,
मांडून पाहिलं तर चुकांचीच नक्षी झालेली,
रेखीव, दृष्ट लागावी अशी.
फोटो पाहून बाईंनी लिहिलं:
"अजून थोडं मोकळं होता येईल का?"

शेवटी बद्रला बसवलं.
सतरा वर्षांचा, कानात गाणी, मन फुटबॉलच्या मैदानात,
नजर कुठे, घाव कुठे.
त्याच्या फरशा पाहून कोपनहेगन विरघळलं.
दुप्पट मागणी आली. मेलबर्नहून एक हॉटेल आलं,
सोलहून एक कॅफे, ज्याच्या मालकाला
भिंत श्वास घेताना दिसायला हवी होती.

बिलं मी करते. चूक कुठल्या रकान्यात लिहायची
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.
आजवर ती वजा व्हायची.
आता नगामागे अडीच दिरहम जादा.

मआलम एकेक फरशी हातात घेतो,
बद्रला आधी शिवी देतो, मग मजुरी,
मग ती फरशी पेंढ्यात ठेवतो, अगदी अलगद,
हट्टी पोराला परगावच्या शाळेत सोडावं तशी.

परवा हिशेबाची वही द्यायला त्याच्या घरी गेले.
बतूलने सोफ्यावरचं प्लास्टिक पुसून बसायला सांगितलं.
खाली स्पेनहून आलेली यंत्राची फरशी,
संगमरवराचं चित्र छापलेली, आरशासारखी.
"हप्त्यांवर घेतली," ती म्हणाली,
"एक सांधा दिसत नाही बघ."
खरंच दिसत नव्हता.

पुदिन्याचा चहा आला.
मआलम गॅसच्या दरांवर बोलत होता,
आणि त्याचा मोज्यातला अंगठा
टेबलाखाली, एकाच जागी,
पुढे-मागे, पुढे-मागे.

केसभर वर होती तिथली एक.
पाय सरकवल्यावर मलाही लागली.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.
बतूल साखर किती ते विचारत होती.