दुभाषा

झिनाइदा आर्कादियेव्हना उंटावरून उतरली
आणि आधी पेट्यांतल्या काचा मोजल्या, मग माणसं.
मी एकोणीस वर्षांचा, उलानबातरहून सोबत दिलेला,
दोन जिभांचा पगार घेणारा.

पहिल्याच संध्याकाळी ती नदीत हात धुवायला वाकली.
म्हाताऱ्या दुल्माझावनं आरोळी ठोकली.
मी सांगितलं, नदीत मळ सोडत नाहीत इथे.
ती कानापर्यंत लाल झाली.
दुसऱ्या दिवसापासून किटलीनं पाणी आणून
काठापासून साठ पावलं लांब, गवतावर,
कोपरापर्यंत साबण चोळायची.
मुलं बघायला बसत, तमाशाला बसावं तशी.

जंतूला आमच्यात शब्द नव्हता.
मी म्हटलं : न दिसणारं. जिवंत. घोड्याच्या नाकात राहणारं.
दुल्माझाव म्हणाली, मग त्यात नवीन काय?
आजारी कळपाकडून आलेल्या पाहुण्याला
आम्ही दोरीपलीकडेच उभा करतो.
हे मी रशियनमध्ये सांगितलं,
तेव्हा झिनाइदानं पहिल्यांदा वही काढली.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हातारी बराच वेळ गप्प.
मग : "काळं गवत. वाऱ्यानं हलतंय."
तिच्याच पापण्या होत्या त्या.
हे मी सांगितलं नाही.

मग औषध. प्रत्येक घोड्याच्या एका डोळ्यात एक थेंब.
सकाळी ज्या डोळ्यात पू, त्याच्या गळ्यात लाल फीत.
एकशे बारा घोडे, सात फिती.
सहावी ओचिरखूच्या करड्याला
(आम्ही घोड्यांना नावं देत नाही, रंगानंच ओळखतो),
गेल्या नादामच्या शर्यतीत पहिला आलेला,
नाक कोरडं, कातडीखाली एक गाठ नाही.

"सांग त्याला," ती म्हणाली,
"निरोगी दिसतो, पण नाही."
हे वाक्य मी तीनदा बांधलं, तीनदा सोडलं.
ओचिरखू तिच्याकडे बघतच नव्हता,
माझ्या तोंडाकडे बघत होता,
बंदूक जणू तिथे होती.

शेवटी तीच बोलली.
करड्याच्या मानेवर हात ठेवून,
माझ्याकडून ऐकून ऐकून उचललेले दोन शब्द,
तेही चुकीच्या सुरात :
न दिसणारं. जिवंत.

त्यानं खोगीर उतरवलं.
आयाळीची एक बट कापून छातीशी खोचली.

खड्डा बुजला. चुना वाऱ्यानं डोळ्यात जात होता.
झिनाइदा हात पुढे धरून उभी, किटली लांब.
ओचिरखूनं ती उचलली,
साठ पावलं स्वतः मोजली,
आणि तिच्या हातांवर पाणी ओतलं, सावकाश, साबण निघेपर्यंत.

मीही हात पुढे केले.
पाणी संपलं होतं.