दोन दशांश स्थळं

सांतियागोहून तक्ता आला:
जुन्या सगळ्या यंत्रांचे वेग
मेगाबाइट प्रतिसेकंदात भरून पाठवा.
शुक्रवारपर्यंत. दशांश स्थळं दोन.

पुंता अरेनासच्या हवामान कार्यालयात
दुपारनंतर मी एकटीच असते.
बाहेर वारा असा, की चौकात बांधलेल्या दोराला धरून
माणसं बँकेपर्यंत जातात.

पहिली ओळ: टेलिप्रिंटर, एकशे दहा बॉड.
आठाने भागायला घेतलं,
आठ बिट म्हणजे एक अक्षर, शाळकरी हिशेब,
तेवढ्यात येर्को मारुसिच आत आला.
निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी
थर्मास घेऊन येतो,
विचारल्याशिवाय आपली खुर्ची ओढतो.
‘आठाने नाही,’ म्हणाला, ‘अकराने भाग.’

अकरा?

अक्षराचे आठ.
त्याच्या आधी एक, दारावर टकटक, येतोय म्हणून.
आणि मागून दोन, काहीच न सांगणारे,
कारण लोखंडी हातोडीला जागेवर परतायला
तेवढा दम लागायचा.
‘नव्या पोरांनी तो दम कापून टाकला,’ येर्को म्हणाला.
तक्रार नव्हती. चहा ओतत होता.

एकशे दहा भागिले अकरा. दहा. बाकी शून्य.
सेकंदाला दहा अक्षरं:
कुणी समोर बसून पत्र वाचून दाखवावं, जवळजवळ तसं.

मेगाबाइटमध्ये हेच लिहायचं तर
दशांश चिन्हापुढे चार शून्यं आणि मग एक.
तक्त्याने तो एक गिळला.
०.००
तीनशे बॉडचा मोडेम: ०.००
नऊ हजार सहाशेची लाइन,
जिच्यासाठी तीन वर्षं अर्ज केले,
आली त्या रात्री इथे कोकरू भाजलं होतं म्हणे:
०.००
थेट स्कझी डिस्कपाशी पहिला आकडा उमटला, पाच.
जणू तोवर या इमारतीत
कुणी बोललंच नव्हतं.

येर्कोने पाकिटातून कागदाची पट्टी काढली,
घडीवर फाटत आलेली.
सामुद्रधुनीच्या तोंडाशी दीपगृह होतं,
रखवालदाराची बायको तेओलिंदा
एका बोटाने वारा टाइप करायची.
लाइनला दहा अक्षरं झेपत, ती पाठवी एखादं.
मधल्या वेळात येर्को
कोऱ्या कागदाकडे बघत बसे.

त्या जुलैत वाऱ्याच्या आकड्यांखाली
आणखी एक ओळ आली:
पीठ संपलं. मुलगी झाली.

मी स्पॅनिशमधली अक्षरं मोजली. एकतीस,
मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून.
तीन सेकंद, वर एक दशांश.
‘तिला तासाच्या वर लागला असेल,’ येर्को म्हणाला,
‘बाळंतीण होती.’

मुलगी म्हणजे ‘निन्या’.
पण न वरची ती वळवळती रेघ यंत्राकडे नव्हती,
पट्टीवर छापलं गेलं ‘निना’.
येर्कोला वाटलं, नाव ठेवलंय.
पिठाच्या पोत्यांसोबत नावेतून अभिनंदनाची चिठ्ठी गेली:
चिरंजीव निना हिस.
नवराबायकोला नाव आवडलं असावं,
किंवा पीठ आलं म्हणून वाद घातला नसेल.

निना आता पोर्वेनीरच्या फेरीवर तिकिटं फाडते.
मी तिच्याकडून कितीदा घेतलंय तिकीट,
सुट्टे नसले की कुरकुरते.

तक्त्याचे रकाने कुलूपबंद होते,
तिसरं दशांश स्थळ घालता येईना.
शेऱ्याच्या रकान्यात मात्र जागा होती.
लिहिलं: अकराने भागावे.
आणि पाठवून दिलं,
पोचल्याची खूण
बोट उचलायच्या आत आली.

येर्को अजून पट्टीची घडी घालत होता,
जुन्याच रेघांवर, सावकाश.