शरणपूर रोडवरची खोली

शाल्मली, आधी ते घड्याळ हलव.
समोरच्याच्या डोक्यामागे लाव,
म्हणजे वेळ बघतानाही त्याच्याकडेच बघतेयस असं वाटतं.
ही लबाडी मला सहाव्या वर्षी सुचली.

टिश्यूचा डबा त्यांच्या हाताशी असू दे,
उचलून मात्र देऊ नकोस.
दिला की माणूस रडणं आवरतं घेतो.

नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ
(नाव विचारू नकोस, तूही कुणाचं कधी सांगू नकोस)
चार गुरुवार नुसती बोटांची पेरं मोजत बसले.
मी वहीभर प्रश्न विचारले.
पाचव्या गुरुवारी माझा घसा बसला होता,
शब्द फुटेना.
तेव्हा म्हणाले,
मुलगा गेला, त्याला आज नऊशे बारा दिवस.

तेव्हापासून
घसा ठणठणीत असला तरी
मी तो बसल्यासारखी वागते.

फी सांगताना खाली बघू नकोस.
कुणी यायचं थांबलं
तर लगेच स्वतःला पिंजऱ्यात उभं करू नकोस;
लोक सिन्नरहून दोन बस बदलून येतात,
कधी एखादी चुकते.

आणि संध्याकाळी थेट घरी जाऊ नकोस.
मी स्कूटर गोदाकाठी लावते,
बाया चादरी धुतात तिथं.
दोघी दोन टोकांना धरून पिळतात,
मग हातावरचं पाणी झटकून टाकतात.
तेवढंच बघते.

ते गृहस्थ? नाही, पुढं आले नाहीत.
गुरुवारचे चार ते पाच
मी अजून कुणाला देत नाही.

हे मात्र शिकू नकोस माझ्याकडून.