पाच नंबर

क्रेनच्या केबिनपर्यंत एकशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या.
पूर्वी मोजत नसे.
आता माहीत आहे, एकशे चाळिसावीवर
मांडीवरून ऊन ऊन ओघळ उतरतो
आणि तिथून खाली जाण्यापेक्षा वर जवळ पडतं.

डब्यात पाव, काकडी, दोन काळ्या पँटी.
रात्रीचे जाड पॅड, एकावर एक, भर दिवसा.
सीटवर मुलाच्या लहानपणच्या रेनकोटची पाठ,
तिच्यावर अजून एक बेडूक हसतो.

वैशाखात, म्हणजे इथल्या मेमध्ये, तीन महिने कोरडे गेले
तेव्हा मी खसखशीचा केक आणला होता.
सुटलीस गं बोगुमिला, असं रेनाटा म्हणाली,
आणि बोटांनी चुरा वेचून खाल्ला.
मग अकरा दिवस. मग चौदा.
आज एकविसावा.

पहिला डॉक्टर: या वयात असं होतंच.
दुसरीनं कागद दोनदा वाचला. सात पूर्णांक एक.
"चालत आलात?"
"ट्रॉलीबसनं."
"आणि कामावर?"
"जिन्यानं."
उद्यापासून रजा, मी म्हटलं, आज जहाज धक्क्याला आहे.

ग्दिनियाच्या बंदरावर वारा सुटलाय.
पायाखालच्या काचेतून पिवळ्या टोप्या दिसतात,
बटणांसारख्या, कुणीतरी सांडलेल्या.
तीस टनांची पेटी दोरांवर, अधांतरी,
आणि नेमकी तेव्हाच गुठळी सुटते,
कलेजीच्या तुकड्याएवढी. घसरून पडल्यासारखी.
डोळ्यांपुढे मुंग्या.
हात हलत नाही. पेटी हलत नाही.
चार खुंट्यांवर ती मी बशीवर कप ठेवावा तशी ठेवते.

रेडिओवर झेनॉन: "पाच नंबर, झोपलीस का?"
ही वाहिनी सतराजण ऐकतात.
सत्तावीस वर्षांत मी तिच्यावर
वारा, वजन आणि शिव्या एवढंच बोललेय.
बटण दाबते.
"अंगावरून जातंय. फार. मी उतरते."

खरखर.
कुणीतरी खोकतो.
खरखर.

"बरं," झेनॉन म्हणतो. त्याचा आवाज
पहिल्यांदाच कुठे ठेवावा हे त्याला कळत नाही.
"कठडा ओला आहे. धरून ये."
थोड्या वेळानं: "माझ्या बायकोलाही."
पुढचं वाऱ्यानं नेलं.

बेडकाची घडी घालून पिशवीत टाकते.
खाली दोघं जिन्याशी येऊन उभे राहिलेत,
वर न बघण्याचा प्रयत्न करत.
दार लावलं,
वायपर मात्र बंद करायचा राहिला.